रुमायच्या यादीतला मुंबईकर

पहिल्या महायुद्धाच्या काळात अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, हे नाव जर्मनीतल्या कितीतरी घरांना पाठ झालं होतं. घरचा माणूस तिथे अडकलेला होता. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं आणि हिंदुस्थानात पोटापाण्यासाठी आलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन एका रात्रीत शत्रू ठरले. मुंबई-कलकत्त्याच्या जर्मन पेढ्यांवरचे कारकून, इंजिनिअर, बोटींवरचे खलाशी, गावोगावचे मिशनरी अशा हजारावर लोकांना नगरच्या लष्करी छावणीत काटेरी तारांच्या आड ठेवण्यात आलं. पुढे जर्मन पूर्व आफ्रिकेत पकडलेल्यांची त्यात भर पडली. १९१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी नगरला येऊन छावणी पाहून गेले. कैदी मायदेशी परतले ते युद्ध संपल्यावर, १९१९-२० मध्ये.

नगरला परक्या कैद्यांचं नवल नव्हतं. त्याआधी दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धातले बोअर कैदी इथे राहून गेले होते. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा जर्मन आणि ऑस्ट्रियन आले. पुढे तिबेटमुळे जगप्रसिद्ध झालेला गिर्यारोहक हाइनरिक हारर हा त्यांतलाच एक. १९४२ ते ४५ या काळात पंडित नेहरू, मौलाना आझाद आणि त्यांचे सहकारी किल्ल्यात होते, ते तर प्रत्येकाला माहीत आहे. नगरच्या तुरुंगांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. मला मात्र त्याच पहिल्या युद्धाच्या दुसऱ्या टोकाबद्दल लिहायचं आहे. नगरच्या तारांमागे जर्मन माणसं दिवस मोजत होती, त्या काळात मुंबईचा एक तरुण जर्मनांच्या कैदेत शेवटच्या घटका मोजत होता. त्याचं नाव श्रीकृष्ण चंद्र वेलिंकर. त्याला आकाशातून खाली आणल्याचं श्रेय अभ्यासक फ्रिट्स रुमाय या जर्मन लढाऊ वैमानिकाला देतात. दोघांच्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या, तरच त्या युद्धाने माणसांचं काय केलं हे कळतं.

रुमायचा जन्म ३ मार्च १८९१ चा, पूर्व प्रशियातल्या कोनिग्सबर्गचा. हे शहर आज रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राद आहे. रुमायने छपरं शाकारण्याच्या धंद्यात उमेदवारी केली. घराच्या आढ्यावर चढून, वाऱ्यात तोल सांभाळत काम करायचं, ही त्याची पहिली शाळा. १९११ मध्ये तो पायदळात भरती झाला आणि युद्ध सुरू झाल्यावर रशियाच्या आघाडीवर लढला. तिथे त्याला आयर्न क्रॉस मिळाला. १९१५ मध्ये तो हवाई दलाकडे वळला. आधी विमानात मागे बसून टेहळणी करणारा निरीक्षक झाला, मग स्वतः उडवायला शिकला.

त्या काळच्या प्रशियन सैन्यात अधिकारी होणं हा जन्माचा प्रश्न होता. जमीनदार आणि सरदार घराण्यांतली मुलं अधिकारी व्हायची. कारागिराच्या पोराने सार्जंटपर्यंत मजल मारली तरी पुष्कळ झालं असं मानलं जाई. पण विमान हे यंत्र होतं, आणि यंत्राला घराणं कळत नाही. जर्मन हवाई दलात सार्जंट दर्जाचे वैमानिक सर्रास असत आणि पुष्कळदा मागे बसलेला निरीक्षकच त्यांचा साहेब असे. अशा माणसांपैकी ज्याच्या हातात कसब होतं, तो पुढे गेला.

रुमाय १९१७ च्या जूनमध्ये यास्टा ५ या तुकडीत दाखल झाला. यास्टा म्हणजे लढाऊ विमानांची छोटी तुकडी, साधारण डझनभर विमानांची. १९१६ पर्यंत लढाऊ विमानं इतर तुकड्यांमध्ये विखुरलेली असत. त्यांना एकत्र करून शिकारी टोळीसारखं वापरायची पद्धत ओस्वाल्ड ब्योल्के या जर्मन वैमानिकाने घालून दिली. त्याने आपल्या मुलांना दिलेले नियम आजही हवाई दलांच्या शाळांत शिकवले जातात: सूर्य पाठीशी ठेवून हल्ला करा, अगदी जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका, नजर शत्रूवरून हलू देऊ नका. यास्टा ५ मध्ये रुमायला दोन जोडीदार मिळाले, ओटो कोनेके आणि योसेफ माय. तिघेही खालच्या दर्जातून वर आलेले. युद्धाच्या शेवटी रुमायच्या नावावर ४५, कोनेकेच्या ३५ आणि मायच्या ३० विमानांची नोंद होती. एकाच तुकडीतल्या तीन सार्जंटांनी केलेला हा हिशेब पाहून जर्मन सैन्यात त्यांना सुवर्ण त्रिकूट म्हणू लागले.

आकाशातली ही लढाई कशी होती, ते आज डोळ्यांपुढे आणणं अवघड आहे. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं आणि रोगण चढवलेलं कापड, तारांनी बांधलेले पंख. चार-पाच हजार मीटरवर उघड्या खोबणीत बसायचं, तिथली हवा विरळ आणि थंडी हाडं गोठवणारी. बहुतेकांकडे प्राणवायूची सोय नसे. पेट्रोलची टाकी अंगाला खेटून. तिला गोळी लागली की विमानाची मशाल व्हायची. ब्रिटिशांनी आपल्या विमानांच्या वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत पॅराशूट दिलंच नाही. जर्मनांनी १९१८ च्या मध्यापासून दिलं, पण तेही भरवशाचं नव्हतं.

या लढाईचं आपल्या मातीशीही नातं होतं. पहिल्या महायुद्धातल्या अनेक लढाऊ विमानांचं इंजिन पंख्याबरोबर गरागरा फिरायचं, आणि अशा इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल लागायचं. पेट्रोलमध्ये ते सहज विरघळत नसे आणि उष्णताही सोसत असे. जगात एरंडीचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून होई. आपल्या बांधावरच्या एरंडीची किंमत त्या चार वर्षांत अशी वाढली. उलट ब्रिटिश आरमाराने समुद्र अडवल्यामुळे जर्मनांना एरंडेल मिळेनासं झालं. त्यांनी पर्यायी तेलं वापरली, त्यामुळे त्यांची फिरती इंजिनं तापून बिघडू लागली.

मराठी माणसानेही या युद्धात विमान जवळून पाहिलं, तेही भुकेच्या कडेलोटावर. १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा शहराला तुर्कांचा वेढा पडलेला होता. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींचे जवान उपाशी होते. त्यांच्यासाठी ब्रिटिश विमानांनी आकाशातून पिठाची पोती टाकली. इतिहासात वेढ्यातल्या फौजेला हवेतून रसद देण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न समजला जातो. तो पुरा पडला नाही. तुर्कांच्या बाजूने उडणाऱ्या जर्मन विमानाने रसद टाकणारं एक विमान पाडलं आणि २९ एप्रिलला कुत शरण गेलं. मराठे तिथून जे कैदेत गेले, त्यांच्यातले कितीतरी परत आलेच नाहीत.

वेलिंकर या सगळ्यापेक्षा वेगळ्या वाटेने आकाशात पोचला. जन्म मुंबईचा, १८९४ चा. हिंदुस्थानात पहिली टपाल घेऊन विमान उडालं ते १९११ च्या फेब्रुवारीत, अलाहाबादला. तेव्हा हा मुलगा सोळा वर्षांचा होता. पुढे तो केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकला. युद्ध सुरू झाल्यावर कॉलेजातले त्याचे गोरे सोबती भराभर अधिकारी झाले. हिंदी विद्यार्थ्यांसाठी ते दार बंद होतं. राजाच्या कमिशनसाठी उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा, अशी अटच होती. वेलिंकरला विमान उडवायचं होतं, आणि त्याला सुचवलं गेलं ते मेकॅनिकचं काम. ज्याच्या पदवीचा मान विलायतेत राखला जात होता, त्याला सैन्याने हातात पाना घ्यायला सांगितलं. मेकॅनिकचं काम हलकं नाही, पण त्याला ते सुचवण्यामागे एकच कारण होतं: कातडीचा रंग.

१९१७ मध्ये ही भिंत थोडी फुटली. वैमानिक इतक्या वेगाने मरत होते की माणसं मिळेनात. त्या एकट्या एप्रिल महिन्यात ब्रिटिशांनी २४५ विमानं गमावली. दुसरं कारण हरदित सिंग मलिक. ऑक्सफर्डच्या या शीख तरुणाने फ्रेंच हवाई दलात जायची तयारी केली, तेव्हा त्याच्या प्राध्यापकाने ब्रिटिश हवाई दलाचा प्रमुख जनरल हेंडरसन याला पत्र लिहिलं. ब्रिटिश प्रजाजनाला फ्रेंच घेतात आणि आपण घेत नाही, हे शोभत नाही, असा त्याचा रोख होता. मलिकला प्रवेश मिळाला. त्याच्या आगेमागे आणखी तिघे आले: कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय आणि एरॉल सेन, आणि मुंबईचा वेलिंकर. पश्चिम आघाडीवर लढाऊ विमानं उडवणारे हे चारच हिंदी तरुण. सेन १९१७ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनांच्या हाती लागला. मलिकला ऑक्टोबरमध्ये पायात गोळ्या लागल्या, तरी तो वाचला आणि पुढे स्वतंत्र भारताचा राजदूत झाला. रॉयने १९१८ च्या जुलैमध्ये दोन आठवड्यांत दहा विमानं पाडली आणि २२ जुलैला तो स्वतः पडला. त्याच्या नावाने भारत सरकारने १९९८ मध्ये टपाल तिकीट काढलं.

वेलिंकर २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होता आणि सॉपविथ डॉल्फिन हे विमान उडवत होता. हे विमान मोठं विचित्र होतं. त्याचा वरचा पंख खालच्या पंखापेक्षा मागे ढकललेला होता, आणि वैमानिकाचं डोकं वरच्या पंखातल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर डोकावायचं. त्यामुळे वर आणि चौफेर छान दिसे. उंचावर हे विमान उत्तम चाले. पण उतरताना विमान उलटलं तर सगळा भार वैमानिकाच्या मानेवर येणार, ही धास्ती प्रत्येकाला होती. पुढे दोन मशीनगन पंख्यातून गोळ्या झाडायच्या, आणि वरच्या बाजूला तिरक्या रोखलेल्या आणखी एक-दोन बसवता यायच्या.

१९१८ च्या मार्चमध्ये जर्मनांनी सोम नदीच्या परिसरात प्रचंड हल्ला चढवला. ते अमियाँ शहराच्या वेशीपर्यंत आले. त्याच आकाशात २१ एप्रिलला मॅनफ्रेड फॉन रिख्टहोफेन, लाल विमानाचा तो ८० विमानं पाडलेला प्रसिद्ध वैमानिक, मारला गेला. त्यानंतरही जर्मन तुकड्यांचा जोर ओसरला नव्हता. फोकर डी-७ हे त्यांचं नवं विमान आघाडीवर येऊ लागलं होतं. अनेक जाणकार त्याला त्या युद्धातलं सर्वोत्तम लढाऊ विमान मानतात.

२७ जून १९१८ ला वेलिंकर गस्तीवर गेला आणि परतला नाही. विमान शत्रूच्या बाजूला पडलं. तो जबर जखमी होता, जर्मनांनी त्याला ताब्यात घेतलं, आणि तीन दिवसांनी, ३० जूनला, त्यांच्या कैदेत त्याचा मृत्यू झाला. वय अवघं २३. त्या दिवशीच्या जर्मन नोंदी आणि ब्रिटिश नुकसानीच्या नोंदी जुळवून अभ्यासकांनी त्याचं विमान रुमायच्या यादीत टाकलं. या याद्या अशाच बनत. विजय मंजूर व्हायला साक्षीदार लागत, पडलेलं विमान दाखवावं लागे. वैमानिकाला समोरचा कोण होता हे बहुतेक वेळा कळतही नसे. आपण ज्याला पाडलं तो मुंबईचा आहे, हे रुमायला कधी समजलं असेल असं मला वाटत नाही.

वेलिंकर पडल्यानंतर दोनच दिवसांनी, २९ जूनला, एर्न्स्ट उडेट हा जर्मन वैमानिक पाडला गेला आणि पॅराशूटने जिवंत खाली उतरला. वेलिंकरकडे पॅराशूट नव्हतं. साम्राज्यासाठी आकाशात जा, एवढंच साम्राज्याने त्याला सांगितलं होतं.

जर्मनांनी त्याला रीतसर पुरलं. पण नाव लिहिताना घोळ झाला आणि कबरीवर भलतंच नाव लागलं. त्यामुळे युद्ध संपून गेलं तरी हा तरुण नक्की कुठे आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. घरच्यांच्या वाट्याला फक्त बेपत्ता हा शब्द आला. १९२१ मध्ये शोध लागला आणि ती कबर वेलिंकरची असल्याचं नक्की झालं. आता तो फ्रान्समध्ये अमियाँजवळ आंगार गावच्या युद्धस्मशानात आहे. चारी बाजूंना इंग्रज, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या पांढऱ्या शिळा, आणि त्यांच्यात हे मराठी आडनाव.

इकडे रुमायचं नशीब शिगेला पोचलं होतं. त्याच्या छातीवर सुवर्ण सैनिकी गुणवत्ता पदक होतं. सार्जंटांसाठी तेच सर्वोच्च. अधिकाऱ्यांसाठीचं सर्वोच्च पदक म्हणजे निळा क्रॉस, पूर ल मेरीत. ते फक्त अधिकाऱ्याला मिळे. छपरं शाकारणाऱ्या माणसाला त्यासाठी आधी अधिकारी करावं लागलं. १९१८ च्या उन्हाळ्यात त्याला लेफ्टनंट केलं गेलं, आणि १० जुलैला, वेलिंकर पडल्यानंतर तेराव्या दिवशी, निळा क्रॉस त्याच्या गळ्यात आला. दोन्ही पदकं मिळवणारे वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जर्मनीत अशा वैमानिकांची छायाचित्रं पोस्टकार्डांवर छापून विकली जात, शाळकरी मुलं ती जमवत. हे मला कौतुकाचं वाटत नाही. एकेका कार्डामागे वेलिंकरसारख्यांची रांग उभी होती. पण एका कारागिराच्या पोरापुढे जुन्या सरदारी सैन्याला मान वाकवावी लागली, ही गोष्ट मात्र खरी आहे.

सप्टेंबर १९१८ मध्ये रुमायने एका महिन्यात सोळा विमानं पाडली. तोपर्यंत जर्मनी हरत चालली होती, इंधन तुटपुंजं होतं, आणि जे वैमानिक उरले होते त्यांच्यावर भार वाढत होता. २७ सप्टेंबरला ब्रिटिशांनी कांब्रेजवळ उत्तर कालव्यावर हल्ला केला. आकाश विमानांनी भरलं होतं. त्या गर्दीत दक्षिण आफ्रिकेच्या लॉसन या वैमानिकाचं विमान रुमायच्या विमानाच्या वरच्या पंखावर आदळलं. रुमायने पॅराशूट घेऊन उडी टाकली. पॅराशूट उघडलं नाही. तो २७ वर्षांचा होता. वेलिंकर पडला त्या तारखेला बरोबर तीन महिने झाले होते. युद्ध संपायला सहा आठवडे उरले होते.

रुमाय मेला, त्याचे कित्येक बडे सोबती वाचले. वाचलेल्यांतल्या काहींचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. रिख्टहोफेनच्या तुकडीचा शेवटचा प्रमुख होता हर्मान गोअरिंग, हिटलरचा उजवा हात. पॅराशूटने वाचलेला उडेट पुढे नाझी हवाई दलाचा जनरल झाला आणि १९४१ मध्ये त्याने स्वतःला संपवलं. आकाशातल्या शौर्याच्या कथा राजकारणाला किती उपयोगी पडतात, हे जर्मनीने जगाला दाखवलं.

हिंदुस्थानात याच्या उलट झालं. वेलिंकर, रॉय, सेन आणि मलिक यांनी हिंदी माणूस उडू शकतो आणि लढू शकतो हे जिवावर उदार होऊन सिद्ध केलं. युद्ध संपताच ते दार पुन्हा लोटून घेण्यात आलं. बारा-तेरा वर्षं हिंदी तरुणाला वैमानिक अधिकारी होता आलं नाही. ८ ऑक्टोबर १९३२ ला हिंदी हवाई दलाची कायदेशीर स्थापना झाली, आणि १ एप्रिल १९३३ ला पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तीही मोजक्याच वैमानिकांची. मुंबईचे हृषिकेश मुळगावकर १९४० मध्ये त्या दलात आले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले आणि १९७६ ते १९७८ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. मराठी वैमानिक म्हटलं की त्यांचं नाव घेतलं जातं, आणि घ्यायलाच हवं. पण त्यांच्या आधी बावीस वर्षं जो मुंबईकर लढाऊ विमानात बसला होता, त्याचं नाव आपल्या शालेय पुस्तकांत नाही. मुंबईत त्याच्या नावाचा रस्ता मी कधी ऐकलेला नाही.

मला हे फार खटकतं. इंद्रलाल रॉयला बंगालने विसरू दिलं नाही, मलिकला पंजाबने. वेलिंकरने विमानं पाडल्याचा मोठा आकडा नाही, म्हणून तो मागे राहिला असावा. पण आकड्यांनी माणूस मोजायचा, तर रुमाय मोठा ठरेल आणि वेलिंकर त्याच्या यादीतली फक्त एक ओळ राहील. ज्या सैन्याने त्याला नाकारलं, त्याच सैन्याला त्याने आपली लायकी मान्य करायला लावली, हे त्याचं कर्तृत्व कोणत्याही पदकाच्या तोडीचं आहे.

नगरच्या रणगाडा संग्रहालयाला राज्यभरातून शाळांच्या सहली येतात. पहिल्या महायुद्धापासूनची यंत्रं मुलं डोळे विस्फारून पाहतात. तिथे मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की त्या युद्धाबद्दल बोलताना दोन वाक्यं वेलिंकरबद्दलही बोलावीत. आणि कामानिमित्त किंवा हौसेने फ्रान्सला जाणाऱ्या मराठी माणसांनी पॅरिसहून अमियाँपर्यंत रेल्वेने जावं. साधारण तासाभराचा प्रवास आहे. तिथून आंगार गाव फार दूर नाही. स्मशानाचं नाव आहे आंगार कम्युनल सिमेटरी एक्स्टेन्शन. जाताना चार फुलं घेऊन जा.